बायकांचा खरा विक्रम कोणता: शिकागोचा की लंडनचा?

होटगी रोड (धागा माझा) | नोव्हेंबर २०२५

आमच्या पहाटे पळणाऱ्यांच्या ग्रुपवर परवा मोठ्या शहरांच्या मॅरेथॉन जिंकलेल्या वेगवान बायकांची यादी आली. पहिली रूथ चेपन्गेटिच, शिकागो २०२४, २:०९:५६. दुसरी टिगस्ट असेफा, बर्लिन २०२३, २:११:५३. तिसरी सिफान हसन, शिकागो २०२३, २:१३:४४. लंडन पार खाली.

मला ही यादी पटत नाही. शिकागो आणि बर्लिनला बायका-पुरुष एकत्र सुटतात आणि बाईला पुरुष पेसर, म्हणजे सोबत पळणारा, मिळतो. तो वारा अडवतो, वेग बांधून देतो आणि दमतही नाही, कारण तिचा वेग त्याला झेपणारा असतो. लंडनला एलिट बायका पुरुषांच्या आधी, वेगळ्या सुटतात. तिथे एप्रिल २०२५ मध्ये असेफाने २:१५:५० घेतले. बाई तीच, पण बर्लिनपेक्षा जवळजवळ ४ मिनिटं जास्त. मी तरी लंडनचीच वेळ बायकांचा विक्रम म्हणून धरते.

जुळे सोलापूर

ताई, एक बर्लिन आणि एक लंडन घेऊन ४ मिनिटांचा हिशोब पेसरच्या नावावर कसा टाकता? रस्ता वेगळा, हवा वेगळी, मध्ये दीड वर्ष गेलेलं. आपल्याकडे मार्चमधली आणि डिसेंबरमधली वेळ कुणी एका ओळीत मांडतं का?

आणि पेसर पुरुषांनाही असतातच. पेसर घेतला म्हणून पुरुषाचा विक्रम कुणी वेगळ्या खात्यात टाकत नाही. बाईच्या वेळी मात्र लगेच "मदत झाली" म्हणायचं. ४२.१९५ किलोमीटर पाय तिचेच चालले ना?

होटगी रोड

फरक इथेच आहे. केल्विन किप्टुमने २०२३ मध्ये शिकागोला २:००:३५ घेतले, तेव्हा शेवटचे किलोमीटर तो एकटा होता. त्या वेगाने शेवटपर्यंत साथ देणारा पेसर जगात नव्हताच. चेपन्गेटिचच्या सोबत मात्र पुरुष पेसर अखेरपर्यंत होते. पुरुषाला जी सोय मिळूच शकत नाही ती बाईला मिळते, मग दोन्ही सारखं कसं?

पार्क मैदान, सकाळची बॅच

थोडा इतिहास सांगतो, कारण हा वाद आजचा नाही. पॉला रॅडक्लिफने २००३ ला लंडनमध्येच २:१५:२५ घेतले, पण पुरुष पेसर घेऊन. २००५ ला तिथेच फक्त बायकांच्या शर्यतीत २:१७:४२. २०११ मध्ये अ‍ॅथलेटिक्सच्या जागतिक संघटनेने ठरवलं की विक्रम फक्त बायकांच्या शर्यतीतलाच धरायचा, म्हणजे तिचे २:१५:२५ विक्रमातून बाहेर. त्यावर एवढा गदारोळ झाला की त्याच वर्षी निर्णय फिरवावा लागला. आता दोन विक्रम वेगवेगळे नोंदवतात, मिश्र शर्यतीचा आणि फक्त बायकांचा.

मुलांना मी एक गोष्ट नेहमी सांगतो. फक्त बायकांच्या शर्यतीतला विक्रम मेरी कीटनीने २०१७ ला २:१७:०१ वर आणला, पेरेस जेपचिरचिरने २०२४ ला २:१६:१६ वर. आणि असेफाचे २:१५:५० धरले तरी रॅडक्लिफच्या पेसरवाल्या वेळेला २२ वर्षांनी, वेग वाढवणारे कार्बन प्लेटचे बूट घालूनही, २५ सेकंद कमी पडले. पेसरने काय फरक पडतो ते यातच दिसतं. तरी मी दोन्ही विक्रम मानतो.

अक्कलकोट रोड, मुलीचा बाप

मला आकड्यांतलं फार कळत नाही. माझी पोरगी पावणेपाचला निघते. रस्त्यावर दिवे धड नाहीत, कुत्री मागं लागतात, टवाळ पोरं गाड्या हळू करतात. म्हणून मी सायकलवर तिच्या बाजूनं जातो. ताई, तुमच्या हिशोबानं हीपण मदतच झाली. मग तिची वेळ खोटी का? बाईमाणसाला सोबत लागते ती पळता येत नाही म्हणून नव्हे. शिकागोतल्या त्या पोरीला सोबत मिळाली म्हणून तिचं कमी धरायला माझं मन होत नाही.

होटगी रोड

अण्णा, तुमच्या पोरीची वेळ शंभर टक्के तिची. मीपण सुरुवातीची दोन वर्षं भावाला घेऊनच पळाले. तुमचं बोलणं लागलं मला. पण तुम्ही तिचा वेग वाढवत नाही, तिला सुखरूप घरी आणता. पेसरला पैसे मिळतात ते वेग बांधून देण्याचेच.

आणि २०२४ चं लंडन आठवा. जेपचिरचिर २:१६:१६, असेफा २:१६:२३, जॉयसिलीन जेपकोसगेई २:१६:२४, मेगर्टू अलेमू २:१६:३४. चौघींत १८ सेकंद! कोण जिंकणार ते शेवटच्या वळणापर्यंत कळत नव्हतं. बाईला बाईच हरवते, ते बघायला मी दरवर्षी दुपारची कामं बाजूला ठेवते.

सम्राट चौक

मूळ गोष्ट राहिलीच. चेपन्गेटिचवर ऑक्टोबर २०२५ मध्ये ३ वर्षांची बंदी आली. मार्च २०२५ च्या नमुन्यात लघवी वाढवणारं, बंदी असलेलं औषध सापडलं. नमुना शिकागोनंतरचा, म्हणून २:०९:५६ कागदावर कायम आहे. पहिल्या नंबरवर ते नाव बघून मला त्रास होतो. पेसरचा वाद नंतर घाला.

जुळे सोलापूर

नियमाने जोवर ती वेळ रद्द होत नाही तोवर यादीत राहणार. आपल्या मनाने नावं खोडायला लागलो तर यादीला अर्थ काय?

माळशिरसकर

मला दुसरंच बोलायचंय. ओ. पी. जैशाने २०१५ मध्ये बीजिंगला २:३४:४३ घेतले, तो भारतीय विक्रम दहा वर्षं झाली तरी तिथेच आहे. आमच्या शेजारच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय बायकांत सलग तीनदा पहिली आली, २०१२ ते २०१४. मग स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीकडे, वळली आणि २०१६ ला रिओत अंतिम फेरी गाठली. माणदेशी मातीत पळून जर हे होतं, तर आपल्या जिल्ह्यातल्या मुली दहावीनंतर पळणं का सोडतात? लंडन की शिकागो हे त्यानंतर.

होटगी रोड

ते वेगळं नाही हो. ज्या मुलीला "एवढं पळतेस ते पोरांच्या जोरावर" असं ऐकावं लागतं, तिला फक्त बायकांच्या शर्यतीतला विक्रम माहीत असायलाच हवा. यादी करणाऱ्याला माझी विनंती: दोन रकाने करा, आणि खाली जैशाची वेळ घाला. गड्ड्याची यात्रा आटोपली की लगेच मुंबई मॅरेथॉन आहे. आपल्या ग्रुपमधल्या चौघी जाणार आहेत, त्यांच्या हातात ती यादी असू दे.

जुळे सोलापूर

यादी मीच केली होती, ताई. जैशा आज रात्री घालतो, लंडनचा रकानाही करतो. पण शिकागोचा रकाना डावीकडे, पहिला राहील.

होटगी रोड

मग रविवारी कंबर तलावावर भेटा. पाच फेऱ्या होईपर्यंत हे बोलू.