सपोर्ट कार्ड नेमकी कधी टाकायची? सलग हरायलोय, मदत हवी

पिवळा_डेक:
कोणतरी लवकर सांगा राव, डोकं उठलंय. काल राजारामपुरीत मित्राच्या रूमवर बसून सलग 7 मॅच हरलो. सगळी चांगली सपोर्ट कार्ड हायत माझ्याकडं, हातात आली की लगेच टाकतो, तरी समोरचा मला गुंडाळतोच, आणि मीवटू आला की विषयच संपतो. कधी टाकायची, कधी धरून ठेवायची एवढंच सांगा. उगं "सराव कर" म्हणू नका, महिनाभर तेच करायलोय.

गंगावेश_गडी:
भावा गेम कुठला ते तर लिही.

पिवळा_डेक:
पोकेमॉन टीसीजी पॉकेट, मोबाइलवरचा पत्त्यांचा गेम, दुसरा कुठला असणार. पिकाचू ईएक्सचा (ईएक्स म्हणजे जादा ताकदीचं कार्ड) डेक हाय.

पॅक_फोडणारा:
दर 12 तासाला एक पॅक फुकट मिळतो तो चुकवू नको आणि पॅक पॉइंट साठवून ठेव, पाहिजे ते कार्ड त्यातनं घेता येतं. मी सगळी ईएक्स अशीच जमवली.

पिवळा_डेक:
कार्ड हायत म्हटलं की वर. टाकायची कधी ते विचारलंय.

पांढरा_रस्सा:
20 च्या 20 कार्ड लिही, नाहीतर आम्ही काय सांगणार. आणि मीवटूवाला मागं गार्डेवॉर बसवून, त्याच्याकडनं मीवटूला जादा एनर्जी देऊन मारतो का?

पिवळा_डेक:
पिकाचू ईएक्स 2, झॅपडॉस ईएक्स 2, ब्लिट्झल 2, झेब्स्ट्रिका 2. बाकी पोके बॉल, एक्स स्पीड, रेड कार्ड, प्रोफेसर रिसर्च, सब्रिना, जोवानी, सगळी दोन दोन. हो, गार्डेवॉर असतंच त्याच्याकडं. रिसर्च आलं की पहिल्याच टर्नला टाकतो, मग पोके बॉल, सब्रिनापण आली की जातीच.

कागदी_पत्ते:
पहिली टर्न तुझी असली तर सपोर्टर टाकताच येत नाही. मूळ नियम शिक आधी.

गंगावेश_गडी:
दादा तो नियम कागदावरच्या गेमचा, 60 कार्डांचा डेक आणि 6 प्राइज कार्डवाला. पॉकेटमध्ये पहिल्या टर्नला सपोर्टर चालतो, फक्त पहिल्या खेळाडूला त्या टर्नला एनर्जी मिळत नाही.

कागदी_पत्ते:
मग तो गेम कागदावरच्याएवढा खोल नाही, मी म्हणतच होतो. खरं शिकायचं असेल तर कागदावर खेळ.

पांढरा_रस्सा:
तो वाद दुसऱ्या धाग्यावर घाला. पिवळा_डेक, नीट वाच, मी हाच डेक लई दिवस खेळलो. पहिली चूक क्रमाची हाय. आधी पोके बॉल, मग रिसर्च. पोके बॉल डेकमधनं एक बेसिक ओढून काढतो, म्हणजे नंतर रिसर्चच्या 2 कार्डांत झेब्स्ट्रिका नाहीतर दुसरा सपोर्टर यायची शक्यता वाढते. तू उलटं करायलायस. पोके बॉल आयटम हाय, त्याला टर्नला एकचा नियम नाही, सपोर्टरला (रिसर्च, सब्रिना, जोवानी) हाय, म्हणून एक सपोर्टर टाकला म्हणजे त्या टर्नला बाकीचे सगळे सोडले असं समज. दुसरी चूक सब्रिना. पिकाचूवर 2 एनर्जी नसताना ती टाकून उपयोग काय, समोरचा नुसता पोकेमॉन बदलतो आणि तू मारतच नाहीस. आणि नवीन कुठला पुढं आणायचा ते तोच ठरवतो. म्हणून त्याच्या बेंचवर (मागं थांबलेल्यांत) नुसते राल्ट्स किंवा किर्लिया, म्हणजे गार्डेवॉर व्हायच्या आधीचे टप्पे, असतील तोवरच टाक. राल्ट्स 60 एचपी (जीव), किर्लिया 80, तुझा बेंच तिघांनी भरला असला तर पिकाचू 90 मारतो, कुठलाही आणू दे, मरतोच. एक पॉइंट आला आणि गार्डेवॉर लांबलं. गार्डेवॉर बसल्यावर मात्र 110 एचपी, जोवानीनं 10 वाढवून 100 च होतात, 10 नं वाचतं ते.

लाल_माती:
ताई बरोबर बोलल्या. आमच्या तालमीत वस्ताद पोरांना हेच सांगतात, समोरच्याचा पाय हलायच्या आधी पट काढायला गेलास तर तूच खाली जाणार. पण माझं मत, सब्रिना एक काढ आणि सायरस घाल. बेंचवरचा जखमी पोकेमॉन तू निवडून पुढं ओढतोस. झेब्स्ट्रिका एका एनर्जीवर कुणालाही 30 मारतो, आधी गार्डेवॉरला 30, पुढच्या टर्नला सायरसनं ओढून पिकाचूचे 90. झालं 120.

पांढरा_रस्सा:
दादा, झेब्स्ट्रिकानं मारायला तो ॲक्टिव्हला (पुढं लढायला) लागतो, मग पिकाचूला पुढं आणायला परत रिट्रीट, म्हणजे एनर्जी खर्चून माघार. सब्रिनाला आधी जखम करावी लागत नाही. मी 2 सब्रिनाच ठेवीन.

लाल_माती:
एक्स स्पीड हाय की त्याच्याकडं, रिट्रीटचा खर्च एकनं कमी होतो.

गंगावेश_गडी:
रविवारी शाहू स्टेडियमला फुटबॉलची मॅच हाय, कोण कोण येणार? तिथंच खेळून दाखवू याला.

पिवळा_डेक:
मॅचला येतो, पण जोवानीचं कुणीच सांगितलं नाही. मी तो प्रत्येक हल्ल्याला टाकतो.

पांढरा_रस्सा:
बेरीज करून टाक. मीवटू ईएक्स 150 चा. तुझ्या बेंचवर दोघं असताना पिकाचूचे 60, पुढच्या टर्नला तिघं झाल्यावर 90, बरोबर 150. तिथं जोवानी वाया, त्यापेक्षा रिसर्च टाक. त्यानं जायंट केप लावली तर 170 होतात, मग दोन्ही हल्ल्यांना एकेक जोवानी लागतो. 10 नं काही बदलत नसेल तर हातातच राहू दे.

पिवळा_डेक:
आज दुपारी 5 खेळलो, 3 जिंकलो. एकदा सब्रिना धरून ठेवली आणि राल्ट्स मारलं, पोरगं पुढच्याच टर्नला सोडून गेलं. दोन हरलो, त्यातली एक नुसती रिसर्च न आल्यामुळं. सायरस घालायचा तर काय काढू, रेड कार्ड का एक्स स्पीड?

लाल_माती:
रेड कार्ड एक काढ. समोरच्याच्या हातात 2 च कार्ड असताना टाकलंस तर ती डेकमध्ये जाऊन त्याला नवीन 3 मिळतात, म्हणजे तूच एक दिलंस. हात भरलेला असला तरच टाकायचं ते.

पिवळा_डेक:
हे माहीतच नव्हतं मला, मी पहिल्या संधीला टाकायचो. काढतो एक. रात्री परत खेळून सांगतो.