व्हिडिओ पाहिला आणि निकाल लागला: तुमचे अनुभव लिहा

1 जुलै 2018. धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडी बाजार. मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ‘पोरं पळवणारी टोळी’ ठरवून जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत ठार मारलं. त्या दिवसांत देशभर फिरणाऱ्या व्हिडिओंपैकी एकात मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावर खेळणारं मूल उचलून नेताना दिसायचे. मूळ फीत कराचीची, पालकांना सावध करण्यासाठी तिथल्या एका संस्थेने बनवलेली. शेवटी तेच दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि सूचनेचा फलक दाखवतात. आपल्याकडे पोचली ती शेवट कापलेली.

खोट्या विज्ञानाचे व्हिडिओ हा करमणुकीचा विषय आणि गुन्हेगाराला शिक्षा काय द्यावी हा गंभीर विषय, अशी आपण वाटणी करून टाकली आहे. मला ती पटत नाही. कांद्याने मोबाइल चार्ज झालेला पाहून जो लगेच मान डोलावतो, तोच उद्या अनोळखी माणसाच्या अंगावर धावून जाणाऱ्या गर्दीत असू शकतो. म्हणून हा धागा. तुम्ही काय पाहिलं, कुणाला थांबवलं, शिक्षेबद्दल तुमचं मत कशाने बनलं, सविस्तर लिहा. गावाचं, माणसांचं नाव नको.

माध्यमिक शाळेतला विज्ञान शिक्षक, खानदेश

आमच्या नववीच्या वर्गात दर आठवड्याला एक व्हिडिओ ‘आरोपी’ असतो. पोरंच घरून आणतात. सगळ्यात जास्त येतात ते फुकट विजेचे: चुंबक लावला की पंखा आपोआप फिरतो, लिंबात वायर खुपसली की ट्यूब लागते, कांद्यात केबल घातली की फोन चार्ज.

मी भाषण देत नाही, मल्टीमीटर देतो. जस्ताचा मुलामा असलेला खिळा आणि तांब्याची तार लिंबात खोचली की काटा 0.9 व्होल्टच्या आसपास जातो. फोन चार्ज व्हायला 5 व्होल्ट लागतात. मग एखादी हुशार मुलगी म्हणतेच, ‘सर, सहा लिंबं जोडू या.’ जोडतो. व्होल्ट भरतात, पण प्रवाह मिलिअँपिअरच्या घरातही कसाबसा येतो आणि फोनला निदान अर्धा अँपिअर हवा. कांद्याच्या व्हिडिओत तर दोन वेगवेगळे धातूही नसतात, म्हणजे तिथे घटच तयार होत नाही. हे पोरांनी स्वतः मोजलेलं असतं, त्यामुळे घरी जाऊन आजोबांनाही ठणकावून सांगतात.

2008 साली एक फीत जगभर गाजली होती: टेबलावर चार मोबाइल, मध्ये मक्याचे दाणे, फोन वाजले आणि लाह्या फुटल्या. ती ब्लूटूथ हेडसेट बनवणाऱ्या कंपनीची जाहिरात निघाली. मोबाइल फार तर दोनेक वॉट शक्ती बाहेर टाकतो आणि मायक्रोवेव्ह भट्टीला सातशे-आठशे वॉट लागतात. आकडे शेजारी लिहिले की वर्गाला पुढचं सांगावं लागत नाही.

पोरांना तीन प्रश्न पाठ झालेत. चौकटीच्या बाहेर काय आहे? कट कुठे मारलाय? हेच आपल्या हाताने करून पाहता येईल का? पोरं पळवल्याचे व्हिडिओ पुन्हा फिरायला लागले तेव्हा एका मुलाने वर्गात तो दाखवून आपणहून विचारलं, ‘सर, याच्या आधीचं आणि नंतरचं कुठंय?’ त्या दिवशी मी धडा बाजूला ठेवला आणि तासभर आम्ही फक्त त्यावर बोललो.

निवृत्त पोलीस हवालदार

तालुक्याच्या एसटी स्टँडवर एक मनोरुग्ण बाई फिरायची. झोळीत बाहुली. अफवांच्या काळात कुणीतरी ओरडलं, ‘झोळीत पोर हाय!’ आम्ही पोचेपर्यंत दीडदोनशे माणूस जमलेला. पण ती बाई जिवंत होती. बांगड्यांचं दुकान चालवणाऱ्या एका मावशीने तिला आत ओढलं, शटर खाली घेतलं आणि आतून ओरडत राहिली, ‘आधी पोलीस येऊ द्या.’

जमावाशी वाद घालून उपयोग नसतो. मी दोनच गोष्टी करायचो. पुढे उभ्या असलेल्यांतल्या ओळखीच्या माणसाला नावाने हाक मारायची. नाव घेतलं की तो गर्दीतून सुटा होतो. आणि मोठ्याने विचारायचं, ‘कुणाचं पोर हरवलंय? त्याने पुढं या, तक्रार लिहून घेतो.’ कुणीच येत नाही. तेवढ्यात गाडी लावून माणूस बाहेर काढायचा. आता 112 नंबर आहे. पोलीस पाटलाचा नंबरही फोनमध्ये असू द्या.

खानावळ चालवणारी, पुणे

प्लॅस्टिकच्या तांदळाचा व्हिडिओ दाखवून एका मुलाने डबा बंद केला. व्हिडिओत भाताचा गोळा चेंडूसारखा उडतो, कारण भातात स्टार्च असतं, चिकटतं. शिवाय प्लॅस्टिक शिजत नाही, वितळतं. प्लॅस्टिकच्या कोबीची फीत तर जपानमधल्या हॉटेलांच्या काचेत ठेवायच्या नमुन्यांची आहे.

सत्र न्यायालयात फौजदारी वकिली

आमच्याकडे खोटं विज्ञान पांढरा कोट घालून येतं. टीव्हीवर गुन्हा गाजला की दुसऱ्या दिवशी मागणी, ‘नार्को करा, सगळं बाहेर येईल.’ नार्कोत टोचतात ते सोडियम पेंटोथल हे भुलीचं औषध. माणूस सैल होतो, बोलतो. पण त्याबरोबर समोरचा जे सुचवेल त्यालाही हो म्हणू लागतो. सत्य वेगळं काढणारी गाळणी त्या सुईत नसते. जून 2008 मध्ये पुण्यात एका खुनाच्या खटल्यात मेंदूच्या विद्युतलहरींच्या चाचणीचा निष्कर्ष दोषसिद्धीच्या पुराव्यात धरला गेला होता. 5 मे 2010 ला सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नार्को, नाडी-श्वास मोजणारी पॉलिग्राफ आणि मेंदूची चाचणी संमतीशिवाय करता येणार नाही. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला कुणाला भाग पाडता येत नाही, हे राज्यघटनेचं कलम 20(3) त्यामागे आहे. तरी आजही पक्षकार मला ‘खोटं पकडणाऱ्या मशीन’चे रील दाखवतात.

नर्स, रात्रपाळी, विरार लोकल

वकीलसाहेबांचं वाचलं. मी फाशीच्या बाजूची आहे आणि ते स्पष्ट लिहिते. मुंबईतल्या शक्ती मिलच्या सामूहिक बलात्कार प्रकरणात 2014 मध्ये तिघांना फाशी झाली तेव्हा आमच्या डब्यात बायकांनी एकमेकींचे हात धरले होते. नोव्हेंबर 2021 मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली. मला राग आला, अजून आहे. पण बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्यावर ‘तिथेच गोळ्या घाला’ म्हणणाऱ्यांत मी नव्हते. खटला झाला तर शाळेत कुणी काय झाकलं ते साक्षीत येतं. आरोपी मेला की त्या प्रश्नांचं उत्तर कोण देणार?

वकील, उत्तर

ताई, तुमचा राग मला परका नाही. कोल्हापूरच्या गावित बहिणींचं उदाहरण घ्या. मुलं पळवून मारल्याचे गुन्हे नव्वदच्या दशकातले, फाशी 2001 ची, दयेचा अर्ज 2014 मध्ये फेटाळला गेला आणि जानेवारी 2022 मध्ये उच्च न्यायालयाने सरकारी दिरंगाईमुळे शिक्षा जन्मठेपेवर आणली. शिक्षा कठोर होतीच, मधली वर्षं कुणी मोजली नाहीत. दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर नेमलेल्या न्या. वर्मा समितीने 2013 मध्ये बलात्कारासाठी फाशीची शिफारस केली नव्हती. तपास, पोलीस, रस्ते, वाहतूक यांवर पानंच्या पानं लिहिली. त्यातलं तुमच्या रात्रपाळीला किती मिळालं?

नर्स

स्टेशनबाहेरचा दिवा. तोही अर्ज करून करून. पूल अजून अंधारातच आहे.

डवरी गोसावी समाजातला तरुण, सोलापूर जिल्हा

हा धागा मित्राने पाठवला. आमच्यातले लोक आता बाहेर निघताना आधार कार्ड आणि गावच्या सरपंचाचं पत्र घेतात, नव्या गावात शिरण्याआधी पोलीस ठाण्यात नोंद करतात. चुलते पूर्वी मुक्कामाला देवळात टेकायचे. आता दिवसाउजेडी परत फिरतात. जमावहत्येसाठी नव्या भारतीय न्याय संहितेत वेगळं कलम आलं, 103(2), तेही 1 जुलैलाच, 2024 मध्ये लागू झालं. त्यात जात, भाषा, जन्मस्थान अशी कारणं लिहिली आहेत. ‘पोरं पळवणारा वाटला’ म्हणून मारलेला माणूस त्यात बसतो का, हे वकीलसाहेबांनी नक्की सांगावं.

वकील

कारणांच्या यादीत ‘किंवा तत्सम कारण’ असे शब्द आहेत, त्यावर युक्तिवाद करता येईल. निव्वळ अफवेवरून झालेली हत्या त्यात बसेल अशी खात्री मी देणार नाही. साधं खुनाचं कलम मात्र लागतंच, त्यातही फाशी किंवा जन्मठेप आहे. पण तुमच्या चुलत्यांना उपयोगी पडेल ते हत्येच्या आधीचं आहे: गावात अनोळखी माणूस आला की पोलीस पाटलाने दवंडी देऊन तो कोण, कुठला, हे सांगणं. शिक्षकसर, तुमची नववीची पोरं हे काम त्यांच्या गावात सुरू करतील का?