तालमीतील बोली नवख्या नटाला बाहेर ठेवते का?

मूळ मत : महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून भरवत असलेल्या पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेचा हंगाम जवळ आला की पुण्यातील महाविद्यालयांच्या तालमींत एक खास बोली ऐकू येते. वाक्य चुकले की ‘फंबल’, सहकलाकारावर कुरघोडी केली की ‘सीन खाल्ला’, मन न लावता काम उरकले की ‘पाट्या टाकल्या’. माझा आक्षेप आहे तो या बोलीने दिग्दर्शकाला मिळणाऱ्या पळवाटेवर. ‘एनर्जी पडली, उचला’ एवढे बोलून तो थांबतो, तेव्हा आवाज वाढवायचा, लय वाढवायची, की समोरच्याचे वाक्य संपताच आपले सुरू करायचे, हे प्रथम वर्षाच्या मुलीला कळत नाही. आणि विचारले तर आपण अडाणी ठरू, या भीतीने ती विचारतही नाही.

पहिला प्रतिसाद : मी पूर्णपणे असहमत आहे. या स्पर्धेत उतरणारी बहुसंख्य मुले अभियांत्रिकी, वाणिज्य, विज्ञान शिकणारी असतात आणि त्यांना नाट्यशास्त्राचा गंध नसतो. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात शिकणाऱ्याला आंगिक, वाचिक, आहार्य, सात्त्विक हे अभिनयाचे चार प्रकार अभ्यासक्रमातूनच कळतात. बाकीच्यांना मात्र शास्त्राची ही परिभाषाच खरी भिंत वाटते. तालमीतली बोली कुणी वर्गात शिकवत नाही, ती सतरंज्या झटकताना आणि लेव्हल (रंगमंचावर मांडायचे चौथरे) उचलताना आपोआप अंगवळणी पडते, म्हणून ती सर्वांना सारखीच खुली असते. शिवाय अंधारात, विंगेत, पुढचा प्रवेश लागायच्या आत पूर्ण वाक्ये बोलायला वेळ कुणाला असतो?

दुसरा प्रतिसाद : विंगेतली घाई मान्य, पण तालमीत तशी घाई नसते. ‘पाट्या टाकल्या’ हा शिक्का एकदा बसला की तो पुढच्या वर्षीच्या पात्रनिवडीपर्यंत पुसला जात नाही, आणि तो बहुधा बॅकस्टेजच्या मुलांवरच बसतो, हे अधिक गंभीर आहे.

मूळ लेखकाचे उत्तर : बोली आपोआप अंगवळणी पडते, हे ज्याला रोज रात्री उशिरापर्यंत थांबता येते त्याच्यापुरते खरे आहे, वसतिगृहाच्या वेळेमुळे लवकर निघावे लागणाऱ्या मुलींना ती संधी मिळत नाही. ‘फंबल’ खुशाल राहू द्या, कारण त्याचा अर्थ नेमका आहे. मात्र ‘एनर्जी पडली’ म्हणणाऱ्या दिग्दर्शकाने ती कोणत्या वाक्यापासून आणि कशामुळे पडली, हे त्याच तालमीत सांगितलेच पाहिजे, या मागणीवर मी ठाम आहे.