गोष्ट सुरू केली की लेक पळते, काय करू?

सातारकर_बाबा
लेक सव्वातीन वर्षांची, जन्मापासून कर्णबधिर. उजव्या कानाला कॉक्लिअर इम्प्लांट (ऑपरेशन करून आत बसवलेलं ऐकण्याचं यंत्र) झालंय, बाहेरचं मशीन सुरू होऊन ११ महिने झाले. थेरपिस्ट मॅडम म्हणतात रोज गोष्ट सांगा. मी पुस्तक उघडून ‘हे काय? हा कोण?’ विचारत बसतो. चौथ्या पानाला बाईसाहेब कॉइल (मशीनचा डोक्याला चुंबकाने चिकटणारा भाग) ओढून पसार. शेजारची तिच्या वयाची पोरं अख्खी गोष्ट सांगतात, ते ऐकून बायको रडते. कुठली पुस्तकं आणू?

भोपळेवाली_आजी
पुस्तकं राहू द्या, आधी प्रश्न बंद करा. गोष्ट आहे की तोंडी परीक्षा? नातवाला मीही असंच पळवून लावलं होतं. आणि शेजारच्यांचं सोडा, तुमच्या लेकीचे कान ११ महिन्यांचे आहेत.

आमच्याकडे म्हातारी आणि भोपळा चालला. पंखा बंद, कुकर नंतर. मी मशीनच्या बाजूला हातभर अंतरावर बसायचे. समोर बसलं की तो ओठांकडे बघायचा, कान सुट्टीवर. आधी नुसतं ऐकवायचं, मग भोपळा दाखवायचा, मग पुन्हा ऐकवायचं. लाल भोपळा बैठकीत गडगडवला तेव्हा सूनबाईंनी विचारलं, घर आहे का मंडई!

अठरा दिवस तीच गोष्ट. मग एकदा ‘चल रे भोपळ्या’ म्हणून गप्प बसले. मनात दहा मोजायचे ठरवलं होतं, फार लांब असतात हो ते दहा. सातव्याला आलं, ‘तुतू तुतू’. ट नाही, क नाही, पण ताल पक्का!

अजून एक. ‘-ने’, ‘-ला’ आपण पुटपुटतो, ते या मुलांच्या कानातून निसटतं. मग वाघाने म्हातारीला अडवलं की म्हातारीने वाघाला, कळणार कसं? तिथे किंचित जोर द्या, शब्द तोडू मात्र नका. पुढे मी मुद्दाम उलटं सांगायचे. साडेचार वर्षांचा असताना त्याने मला दटावून दुरुस्त केलं.

ध्वनी_वर्ग
थेरपिस्ट आहे. कॉइल गोष्टीच्याच वेळी काढते की दिवसभर? रोज सकाळी तिच्या मागून आ, ई, ऊ, म, श, स म्हणून बघा. एखाद्याला प्रतिसाद गेला असेल तर आधी बॅटरी आणि वायर तपासा, मग ऑडिओलॉजिस्टना दाखवा.

शांत_घर
मी स्वतः कर्णबधिर. आंघोळीला, झोपताना मशीन नसतं, तेव्हा काय गोष्टी बंद? हातांनी सांगा, खुणांची भाषा शिका. माझी आई वाघ इतका झकास करायची की मी पांघरुणात शिरायचो.

भोपळेवाली_आजी
हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. आंघोळीचा वेळ आम्ही फुकट घालवला.

सातारकर_बाबा
‘स’ला वळत नाही, तीनदा पाहिलं. बॅटरी बदलली, तरी तेच. मॅपिंगची, म्हणजे मशीनचं सेटिंग जुळवून घेण्याची, गुरुवारची वेळ घेतलीय. अख्खा भोपळा कुणी देईना, फोडच घ्या म्हणतात. कलिंगडावर भागवलं. ती त्यावर जाऊन बसली, कॉइल डोक्यावरच होती.