कल्चरमध्ये काहीच येत नाही तरी लघवीची जळजळ थांबत नाही, इंटरस्टिशियल सिस्टायटिस कोणाला आहे का?

मालवणची_सून:
नमस्कार मंडळी, विषय जरा लाजिरवाणा आहे पण आता लाजून भागणार नाही. गणपतीपासून लघवीला सारखं सारखं जावं लागतंय, पिशवी थोडी भरली की ओटीपोटात कळ, जाऊन आलं की घटकाभर बरं आणि परत तेच, रात्रीची झोप तर गेलीच. गावात इन्फेक्शन म्हणून अँटिबायोटिकचे कोर्स झाले, एक संपला की दुसरा, पण लघवीच्या कल्चरला (जंतू वाढवून बघायची टेस्ट) दरवेळी नो ग्रोथ, म्हणजे जंतूच नाहीत. सोनोग्राफी नॉर्मल. सासूबाई म्हणतात उन्हाळी लागलीय, कोकम सरबत पी, आणि ते प्यायले की उलट आग होते. नवरा म्हणतो टेन्शन घेतेस. आता कोल्हापूरच्या युरोलॉजिस्टनी इंटरस्टिशियल सिस्टायटिसची (जंतू नसतानाही लघवीची पिशवी दुखत राहते तो आजार) शंका काढलीय, भूल देऊन दुर्बिणीने बघू म्हणतात. करून घेऊ का? आणि हे बरं होतं का?

देवगडचा_हापूस:
धने-जिऱ्याचं पाणी घ्या ताई, आणि आवळा सरबत. आमच्याकडे सगळ्यांना उतार पडतो.

चिपळूणकरीण:
दादा, धने-जिरं ठीक आहे पण आवळा नको हो, साध्या उन्हाळीचं आणि ह्याचं गणित वेगळं आहे. ताई, मला हा आजार आहे म्हणून सांगते. ह्यात जंतू नसतातच, पिशवीच्या आतलं अस्तर दुखावलेलं असतं, त्यामुळे लघवीच तिथे झोंबते असं डॉक्टर समजावतात, मूळ कारण अजून नक्की कोणालाच सापडलेलं नाही. म्हणून कल्चर कोरं आल्यावरही अँटिबायोटिक घेत राहण्यात अर्थ नाही, पोट तेवढं बिघडतं. दुर्बीण जरूर करा. काहींच्या पिशवीत लालभडक चट्टे असतात, १९१५ मध्ये हनर नावाच्या अमेरिकन डॉक्टरने त्यांचं वर्णन केलं म्हणून त्यांना हनर लीजन म्हणतात. माझे निघाले, त्याच वेळी करंटने जाळले आणि बरेच महिने अगदी छान गेले, मग हळूहळू परत सुरू झालं. समूळ बरं होतं असं खोटं सांगणार नाही, पण आटोक्यात राहतं. आता मला रात्री अमिट्रिप्टिलिन १० एमजी असते. मेडिकलवाला म्हणेल ही डिप्रेशनची गोळी आहे, त्याचं मनावर घेऊ नका, कमी डोसमध्ये ती दुखण्यावर देतात, फक्त सकाळी डोकं जड राहतं आणि तोंड कोरडं पडतं. नळीने पिशवीत औषध सोडायचाही उपाय आहे.

रत्नागिरी_लॅबवाला:
एक गोष्ट कोणी बोललं नाही. लघवीच्या रूटीन तपासणीत पस सेल्स (पुवाच्या पेशी) दिसतात आणि कल्चरमध्ये काही उगवत नाही असं असेल तर आपल्याकडे आधी टीबी बघायला हवा, मूत्रमार्गाच्या टीबीचे जंतू साध्या कल्चरमध्ये येत नाहीत. सकाळची पहिली लघवी, लागोपाठ तीन दिवस, अशी वेगळी तपासणी असते, डॉक्टरांना विचारा. लघवीतून रक्त जात असेल तर अजिबात थांबू नका, कॅन्सर नाही ना हेही दुर्बिणीतच कळतं. इंटरस्टिशियल सिस्टायटिसची अशी एकच टेस्ट नाही, बाकीचं सगळं वगळत वगळत तिथे पोचतात.

मालवणची_सून:
पस सेल्स प्रत्येक रिपोर्टात आहेत!! उद्याच फोन करते. पण खायचं काय मग? सोलकढी बंद म्हणजे आमच्या घरात उपोषणच.

चिपळूणकरीण:
सगळं एकदम बंद नका करू, प्रत्येकीचं वेगळं असतं. थोडे दिवस आंबट, तिखट, चहा-कॉफी, टोमॅटो, लिंबू सोडा आणि मग एकेक परत सुरू करून बघा, कशाने पेटतं ते वहीत लिहा. मला कोकम आगळ अजिबात चालत नाही, कैरी नाही, तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं मात्र चाललं, कसं ते देवाला ठाऊक. नुसती नारळाच्या दुधाची कढी करा, कोकम न घालता. पेज तर चालतेच.

सावंतवाडी_फिजिओ:
यूट्यूब बघून कीगल (लघवी रोखायचे स्नायू आवळायचा व्यायाम) सुरू करू नका प्लीज. ह्यात ओटीपोटाच्या तळाचे ते स्नायू बहुतेक वेळा आधीच आवळलेले असतात, ते सैल करायचे असतात, कीगलने आणखी आवळतात. आणि पुढे कोणी ह्याच आजारावरच्या पेंटोसानच्या कॅप्सूल लिहून दिल्या तर आधी डोळ्यांचा पडदा तपासून घ्या आणि मधूनमधून तपासत राहा, फार काळ घेतल्यावर पडद्याला इजा झाल्याच्या केसेस आहेत.

चिपळूणकरीण:
हो, हे महत्त्वाचं. आणि कोल्हापूरला एसटीने नका जाऊ ताई, घाटात गाडी थांबवा म्हणायची पाळी येते. खाजगी गाडी करा आणि नवऱ्याला सोबत न्या, डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की टेन्शन टेन्शन म्हणायचं बंद होईल.