मेल-ऑर्डर ब्राइडची ऑडिओबुकं ऐकणाऱ्या बायकांवर एवढा राग का?

कोरडी_विहीर
परवा पावशेर यांनी जी पोस्ट टाकली ती ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: अमेरिकन वेस्टमधल्या मेल-ऑर्डर ब्राइडच्या (न बघता, नुसत्या पत्रांवरून ठरलेल्या नवऱ्याकडे जाणाऱ्या नवरीच्या) रोमान्स कादंबऱ्या म्हणजे बायकांच्या बाजारावर ओतलेला साखरेचा पाक, आणि त्या कानात घालून ऐकणाऱ्या बायका त्याहून थोर, कारण त्यांना वाचायचेही कष्ट नकोत. खाली टाळ्यांचा कडकडाट. तिथे उत्तर लिहायला घेतलं ते आवरेना म्हणून हा वेगळा धागा.

मी ऐकते. पोळ्या लाटताना, कपडे घड्या करताना, लोकलमध्ये. आणि पाक कुठे आहे ते मला कळतं, धन्यवाद. पण "बाजार" म्हणताना जरा त्या काळाकडे बघा. अमेरिकेच्या सिव्हिल वॉरमध्ये, म्हणजे १८६१ ते ६५ च्या यादवी युद्धात, लाखो तरुण मेले, पूर्वेकडे लग्नाच्या मुली ढीगभर आणि पश्चिमेकडे खाणीत नि रँचवर नुसते बाप्ये. पूर्वेकडच्या लॉवेल गावातल्या कापड गिरण्यांना दक्षिणेचा कापूस मिळेना, गिरणीतल्या पोरी घरी बसल्या. १८६४ मध्ये सिॲटलचा आसा मर्सर तिथूनच ११ जणींना घेऊन पश्चिमेला सिॲटलला गेला, बोटीने, पनामामार्गे. पुढे 'मॅट्रिमोनियल न्यूज' नावाचा पेपरच निघाला, सॅन फ्रान्सिस्को आणि कॅन्सस सिटीहून, जाहिरातीत नाव नाही, नुसता नंबर. बाई पत्र लिहायची, आवडलं नाही तर पुढचं पत्र लिहायची नाही. आणि आपल्याकडे? रखमाबाईने लहानपणी लावलेला नवरा नको म्हटलं तर १८८७ मध्ये मुंबईच्या कोर्टाने सांगितलं, नवऱ्याकडे नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंग. मग बाजार कुठला हो?

पावशेर
आलो. ज्यांच्यावर धागा काढलाय तो मीच.

तुमचं उदाहरण तुमच्याच अंगावर येतंय ताई. मर्सरबरोबर गेलेल्या मुली कुणाची जाहिरात वाचून बोहल्यावर चढायला गेल्या नव्हत्या, बहुतेक शाळेत शिकवायला गेल्या. आणि दुसऱ्या खेपेला याच मर्सरसाहेबांनी तिथल्या ब्रह्मचाऱ्यांकडून बायको आणून देतो म्हणून डोई ३०० डॉलर घेतले होते. याला बाजार नाही तर काय सत्यनारायण म्हणायचं? शिवाय त्या तांड्यातली एक साहेबांनी स्वतःच पटकावली, १८६६ ला.

दुसरं. तुमची नायिका माँटानात गाडीतून उतरते, घोड्यावरचा दणकट इसम टोपी काढतो, व्हायोलिन. ती जमीन कुणाची होती हे एका तरी कादंबरीत येतं का? मूळ रहिवासी आणि अमेरिकन सैन्य यांच्यातली लिटल बिगहॉर्नची लढाई १८७६ ची, त्याच माँटानात. आणि १८७५ चा पेज ॲक्ट, ज्याने चिनी बायकांना अमेरिकेत येणं जवळजवळ बंद केलं? म्हणजे बॉस्टनची गोरी बाई आली तर रोमान्स, कँटनची आली तर ती वेश्याच असणार असं धरून चालायचं. त्यावर काढा की एखादं बारा तासांचं ऑडिओबुक.

कोरडी_विहीर
चिनी बायकांचा मुद्दा बरोबर आहे, घ्या, खूश? पण तुम्ही तो त्या बायकांसाठी मांडत नाहीये, माझ्या कानातली वायर ओढायला मांडताय.

मुक्काम_ओमाहा
मी नेब्रास्कात राहते त्यामुळे दोघांनाही जरा गप्प करते.

इथे बिॲट्रिस गावाजवळ होमस्टेडचं नॅशनल पार्क आहे. १८६२ चा कायदा: १६० एकर जमीन, पाच वर्षं राहून कसून दाखवा, तुमची. एकटी बाई, विधवा, २१ वर्षं पूर्ण असलेली मुलगी क्लेम करू शकायची. लग्नाच्या बाईला मात्र साधारणपणे स्वतःच्या नावाने करता येत नव्हता. म्हणजे या कादंबऱ्यांमध्ये ज्याला सुखाचा शेवट म्हणतात तिथे बाईचा जमिनीचा हक्क जातो, हे नॅरेटर कितीही गोड आवाजात सांगू देत.

आणि हे पार्क ज्या जमिनीवर आहे ती डॅनियल फ्रीमनची, १ जानेवारी १८६३ चा क्लेम, पहिल्या काहींतला. त्याची बायको ॲग्नेस आयोवाची. तिचं लग्न ठरलं होतं डॅनियलच्या भावाशी, तो युद्धात वारला. मग डॅनियलने तिला पत्रं लिहायला घेतली, पत्रातूनच मागणी घातली आणि १८६५ मध्ये लग्न. कादंबरीत लिहिलं तर संपादक म्हणेल फार फिल्मी होतंय.

आता माझं. माझं लग्न फोटो आणि आयएसडी कॉलवर ठरलं, फोनवर मिनिटाचे पैसे मोजत आम्ही "हवामान कसंय" बोलायचो. एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामागे बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर आले. नोकरी करायची परवानगी नाही, नवऱ्याचा व्हिसा तोच माझा श्वास. २०१५ मध्ये काही एच-फोरवाल्यांना कामाची परवानगी मिळायला लागली तोपर्यंत माझी इंजिनिअरिंगची डिग्री लोणच्यासारखी मुरली होती. त्यामुळे पावशेर, "बायकांचा बाजार" म्हणून दीडशे वर्षं मागे बोट दाखवायच्या आधी गेल्या रविवारच्या पेपरातलं वधू-वर पान उघडा.

पावशेर
ओमाहाताई, तुमच्याबद्दल आदर आहे, पण तुम्हाला कुणी विकत आणलं नव्हतं. आईवडिलांनी चौकशी करून दिलं होतं.

मुक्काम_ओमाहा
चौकशी! मावशीच्या जावेच्या शेजाऱ्यांनी "मुलगा निर्व्यसनी आहे" सांगितलं ती चौकशी. पुरुषांनी तरी चौकशी केली असती तर बेल गनेसला कुणी सापडलं नसतं, ती इंडियानातली, नॉर्वेजियन पेपरात जाहिराती देऊन पैसेवाल्या नवरदेवांना बोलवायची आणि अंगणात पुरायची. १९०८ ला घर जळालं तेव्हा उकरून काढले. आदर तुमच्याकडेच ठेवा.

जुना_श्रुतिकावाला
तुम्ही सगळे इतिहासावर भांडताय आणि ऐकण्याबद्दल कुणी बोलतच नाही. मी आकाशवाणीवर नभोनाट्यं केलेला माणूस, सुनेने मला असलं एक पुस्तक लावून दिलं. नॅरेटर बाई चांगली आहे. माइकला जरा तिरकं बसते हे कळतं, 'प' आणि 'फ'चा फटका कुठे येत नाही. रँचरचा आवाज मात्र असा काढते की त्याला घसा बसलाय असं वाटावं. ते सोडा.

मुख्य घोटाळा पत्रांचा. या गोष्टींचा सगळा जीव कशात आहे? समोरचा माणूस कसा आहे ते फक्त अक्षरावरून ठरवायचं. छापील पानावर पत्राला आवाज नसतो. इथे पहिल्याच पत्राला बाई त्या खर्जातल्या आवाजात सुरू करते, "डिअर मिस अमुक", आणि मला तिसऱ्या मिनिटाला कळलं की माणूस सज्जन आहे, उंच आहे, शेवटी हाच. नायिकेला मात्र आणखी चार तास कळत नाही. आणि पुढे समजतं की पत्रं त्याने लिहिलीच नव्हती, त्याच्या धाकट्या भावाने लिहिली! मग आवाज कुणाचा लावायचा होता?

सुगरण_नाही
काका, पत्र ती नायिका वाचतेय ना, मग तिच्याच आवाजात हवं. सरळ आहे.

जुना_श्रुतिकावाला
बरोबर. तिच्या आवाजात, जरा सपाट, अडखळत. म्हणजे ऐकणाराही अडखळेल.

कोरडी_विहीर
अजिबात नाही. तिच्या मनात तिने त्या माणसाचा आवाज आधीच कल्पून ठेवलाय. तो खर्ज म्हणजे तिचं स्वप्न, खरा माणूस नाही. स्टेशनवर तो बोलतो तेव्हा आवाज तोच निघतो हा दोष आहे, तिथे बदलायला हवा होता.

जुना_श्रुतिकावाला
हे तुम्ही मनाने रचताय. नॅरेटरने एवढा विचार केला असता तर स्टेशनवर बदललाच असता.

सुगरण_नाही
विचार करायला पैसे कोण देतं काका? मी डबिंगमध्ये आहे. असल्या कामात पैसे तयार ऑडिओच्या तासावर मिळतात, बसलात किती तास त्यावर नाही. चुकलं की दोन वाक्यं मागे जाऊन तिथूनच परत पकडायचं. स्वस्तातल्या रोमान्सला तर बऱ्याचदा हातात काहीच नसतं, पुस्तक विकलं तर त्यातला वाटा. बाप्या, बाई, पोरगं, पाद्री सगळे आवाज एकटीने. आणि आता एआयचा आवाज आलाय, त्याला तर पत्र आणि संवाद यातला फरकच बऱ्याचदा कळत नाही.

पावशेर
म्हणजे माझाच मुद्दा सिद्ध झाला, माल हलका.

कोरडी_विहीर
पगार हलका आणि माल हलका यात फरक आहे. एक तरी पूर्ण ऐकलंय का तुम्ही? खरं सांगा.

पावशेर
पंडिता रमाबाईंचं 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' वाचलंय, १८८९ चं. त्या काळच्या अमेरिकन बायकांबद्दल तेवढं पुरे. त्यांच्या सगळ्या ओळखी फिलाडेल्फिया-बॉस्टनच्या, शिकलेल्या, संस्था चालवणाऱ्या बायका. त्यात कुणी टोपीवाल्याच्या पत्रावर भाळलेली दिसत नाही.

मुक्काम_ओमाहा
रमाबाई पश्चिमेलाही गेल्या होत्या, १८८८ मध्ये परतीचं जहाज पकडलं ते सॅन फ्रान्सिस्कोहून. पुस्तक परत काढा कपाटातून.

पावशेर
बरं, सॅन फ्रान्सिस्को तुमचं. एक ऑडिओबुक ऐकतो, पत्रांसकट. दीडपट स्पीडवर.

जुना_श्रुतिकावाला
दीडपटीवर ऐकणार असाल तर नकाच ऐकू. बाई पत्र उघडताना जी थांबते तेवढंच तिने चांगलं केलंय.

पावशेर
काका, बारा तास आहेत हो.

कोरडी_विहीर
साडेनऊ. लिंक तुमच्या विचारपुशीत टाकते. आणि ऐकून झाल्यावर ती परवाची पोस्ट एडिट करायची, इथला चिनी बायकांचा मुद्दा तेवढा त्यात घाला.