जुना पीएफ नंबर, नवा यूएएन: दोन्ही नोकऱ्या जोडून पेन्शन कशी बसवायची?

घाटमाथा:
वडील ५६ वर्षांचे आहेत. २००३ ते २०१० अशी सात वर्षं एका कंपनीत होते. तेव्हा यूएएन (नोकरी बदलली तरी न बदलणारा पीएफ सदस्याचा एकच क्रमांक) नव्हता, जुन्या सॅलरी स्लिपवर पीयूपीयूएनने सुरू होणारा पीएफ नंबर आहे. तिथला पैसा काढलेला नाही. २०१७ पासून दुसऱ्या कंपनीत आहेत. इथे यूएएन मिळालाय, पण तो कधी चालूच केला नाही. ५८ पूर्ण होतील तेव्हा इथली नऊ वर्षं भरतील. खातं चालू कसं करायचं, जुना नंबर त्याला जोडता येतो का, आणि नाही जोडला तर काय बिघडतं? एचआरचं म्हणणं, जुने पैसे सरळ काढून टाका.

खतावणी:
काढू नका. निदान पेन्शनचा भाग तरी अजिबात नाही.

ईपीएस, म्हणजे पीएफसोबतची कर्मचारी पेन्शन योजना. तिच्या पेन्शनला किमान दहा वर्षांची सेवा लागते. तुमच्याकडे सात आणि नऊ. सुटी सुटी धरली तर दोन्हीकडे पेन्शन नाही, थोडी एकरकमी रक्कम हातात पडते आणि विषय संपतो. जोडली तर सोळा वर्षं होतात आणि वडिलांना हयातभर, त्यांच्यामागे आईंना पेन्शन मिळते. हिशेब सोपा आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. १ सप्टेंबर २०१४ आधीच्या सेवेला पगाराची कमाल मर्यादा ६,५०० रुपये, नंतरच्या सेवेला १५,०००. पगार दोन्हीकडे मर्यादेइतका धरला तर जुन्या सात वर्षांचे ६५० आणि इथल्या नऊ वर्षांचे सुमारे १,९२९, म्हणजे महिन्याला अंदाजे २,५७९ रुपये. रक्कम मोठी नाही, पण फॉर्म १०-सी भरून जुना पेन्शनचा भाग उचलला की ती सात वर्षं कायमची पुसली जातात.

आता खातं चालू करणं. १ ऑगस्ट २०२५ पासून हे काम सरकारी उमंग अ‍ॅपमधून चेहरा दाखवून होतं. उमंगसोबत ‘आधार फेस आरडी’ हे अ‍ॅपही फोनमध्ये लागतं. ते स्वतंत्र उघडावं लागत नाही, पण नसेल तर कॅमेरा सुरूच होत नाही आणि कारणही नीट कळत नाही. उमंगमध्ये ईपीएफओच्या (पीएफ चालवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) सेवांत जाऊन यूएएन अ‍ॅक्टिव्हेशन निवडा, यूएएन, आधार क्रमांक आणि आधारला जोडलेला मोबाइल भरा, ओटीपी टाका, मग चेहऱ्याची पडताळणी. तात्पुरता पासवर्ड एसएमएसने येतो. तो ईपीएफओच्या सदस्य पोर्टलवर गेल्यावर लगेच बदला.

अडतं ते बहुतेक मोबाइलपाशी. आधारला जुना, बंद पडलेला नंबर असेल तर ओटीपी कुठेच येत नाही. आधी आधार केंद्रात किंवा इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेच्या पोस्टमनकडून नंबर बदलून घ्या. चेहरा नाकारला जात असेल तर चष्मा काढा, उजेड समोरून घ्या, पाठीमागे खिडकी नको.

पासबुकचं पोर्टल वेगळं आहे. यूएएन आणि पासवर्ड तोच, पण नोंदणी झाल्यावर साधारण सहा तासांनी ते उघडतं. तोवर ‘चुकीचा पासवर्ड’ दिसला म्हणून पुन्हा पुन्हा रिसेट करत बसू नका.

चलनपावती:
वरचं सगळं बरोबर, फक्त जोडणीआधी एक पायरी राहिली: नाव, जन्मतारीख, वडिलांचं नाव. आधार, यूएएन, पॅन, बँक आणि जुन्या खात्याची नोंद या पाचही ठिकाणी ते एकसारखं हवं. जुन्या नोंदींत आडनाव आधी, मधलं नाव गायब, जन्मतारखेऐवजी नुसतं वर्ष असे प्रकार सर्रास असतात. क्लेम नाकारले जाण्याचं हे फार मोठं कारण.

यूएएनवरची दुरुस्ती पोर्टलवरच ‘जॉइंट डिक्लरेशन’मधून होते. यूएएन १ ऑक्टोबर २०१७ नंतर मिळालेला आणि आधारशी पडताळलेला असेल तर नाव, जन्मतारीख, लिंग, आई-वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, नोकरीला लागल्याची आणि सोडल्याची तारीख हे सगळं सदस्य स्वतः बदलू शकतो, कागद लागत नाहीत. त्याआधीचा असेल तर कंपनीची मंजुरी लागते. तुमच्या वडिलांना २०१७ मध्ये कोणत्या महिन्यात मिळाला ते पाहा, इथे त्यावरच सगळं फिरतं.

जुना नंबर मात्र यूएएनच्या आधीचा. २०१४ मध्ये यूएएन सुरू झाला, त्याआधी सोडलेल्या नोकरीचं खातं आपोआप त्यात येत नाही. ऑनलाइन सेवांमध्ये ‘वन मेंबर वन ईपीएफ अकाउंट’ म्हणून जो अर्ज आहे तो करून बघायला हरकत नाही, पण जुन्या नोंदीत आधारच नसल्यामुळे तो बऱ्याचदा पुढे सरकत नाही. मग खातं ट्रान्स्फर करण्याचा कागदी फॉर्म १३ सध्याच्या कंपनीमार्फत द्यायचा. सोबत जुनी सॅलरी स्लिप, नेमणूकपत्र, नोकरी सोडल्याचं पत्र, जे असेल ते जोडा. जुनी कंपनी बंद पडली असेल आणि नाव दुरुस्त करायचं असेल तर कागदी जॉइंट डिक्लरेशनवर राजपत्रित अधिकारी किंवा नोटरीची साक्षांकित सही चालते.

घाटमाथा:
चालू झालं! पण पासबुकात पेन्शनच्या रकान्यात दर महिन्याला शून्य दिसतंय. पगार सुरुवातीपासून पंधरा हजारांच्या वर आहे. हे बरोबर आहे का?

खतावणी:
नाही, आणि ही खरी मेख आहे.

१ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदाच पीएफमध्ये येणारा आणि पगार १५,००० च्या वर असलेला माणूस ईपीएसचा सदस्य होत नाही. त्याच्यासाठी कंपनीचे पूर्ण १२ टक्के पीएफमध्ये जातात. वडील मात्र २००३ पासूनचे ईपीएस सदस्य, आणि त्यांनी १०-सी भरलेला नाही. त्यामुळे कंपनीच्या हिश्श्यातले १५,००० च्या मर्यादेवरचे ८.३३ टक्के, म्हणजे महिन्याला १,२५० रुपये, पेन्शनकडे वळायला हवे होते. ते झालं नाही याचं कारण बहुधा फॉर्म ११. नोकरीला लागताना भरायच्या या फॉर्मवर ‘आधी ईपीएसचे सदस्य होतात का’ असा प्रश्न असतो, तिथे ‘नाही’ लिहिलं गेलं की नवा सदस्य समजून पेन्शन कापलीच जात नाही.

एचआरकडे त्या फॉर्मची प्रत मागा. चूक तिथेच असेल तर कंपनीने जुन्या सदस्यत्वाचा पुरावा जोडून पीएफ कार्यालयाला पत्र द्यायचं आणि पीएफमध्ये गेलेला भाग पेन्शन खात्याकडे वळवून घ्यायचा. तुम्ही ऑनलाइन हे करू शकत नाही. वर मी काढलेले १,९२९ रुपये या दुरुस्तीवरच अवलंबून आहेत, हे लक्षात असू द्या. निवृत्तीला दोन वर्षं आहेत, तेवढ्यात उरकतं. ५८ ला हा घोळ सोडवायला बसलात तर पेन्शन लटकते.

घाटमाथा:
आणि जुनं खातं ट्रान्स्फर झाल्यावर त्याची पेन्शनची रक्कम इकडे दिसेल ना?

चलनपावती:
दिसणार नाही, घाबरू नका. ट्रान्स्फरमध्ये पीएफचे पैसे येतात, पेन्शनची रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात जात नाही. पेन्शन सेवेच्या वर्षांवर ठरते, त्यामुळे जोडली जाते ती सेवा. तेव्हा रकान्याऐवजी ‘सर्व्हिस हिस्ट्री’ बघा. तिथे जुनी सात वर्षं आली, तारखा एकमेकांवर चढत नाहीत आणि जुन्या नोकरीची सोडल्याची तारीख रिकामी नाही, म्हणजे काम झालं. जुनी कंपनी स्वतःचा पीएफ ट्रस्ट चालवणारी असेल तर तिकडचं पासबुक ईपीएफओकडे मुळात नसतंच. तिथे ट्रस्टकडून रक्कम आणि सेवेचा तपशील देणारं ‘अ‍ॅनेक्शर के’ मागवा.

ओसरी:
नॉमिनीचं कुणी बोललंच नाही. ई-नॉमिनेशन आत्ताच करून टाका, त्याला कंपनीची मंजुरी लागत नाही. आधी प्रोफाइलला फोटो चढवा, मग आईंचं आधार, फोटो आणि बँक तपशील भरा. लोक ‘सेव्ह’ करून थांबतात. शेवटी आधारवर ओटीपी घेऊन ई-साइन केल्याशिवाय ते नॉमिनेशन धरलंच जात नाही. सात लाखांपर्यंतचा ईडीएलआय विमा (नोकरीत असताना सदस्य गेला तर घरच्यांना मिळणारा) आणि पीएफ, दोन्हीला ते लागतं.

खतावणी:
५८ बद्दल दोन गोष्टी, कारण तिथेही कंपन्या चुकतात. ५८ पूर्ण झाल्यावर पेन्शनचे ८.३३ टक्के कापणं थांबायला हवं. नोकरी पुढे चालू राहिली तरी त्यानंतर कंपनीचा पूर्ण हिस्सा पीएफमध्येच जातो. संगणकात वयाची नोंद चुकली की कपात तशीच चालू राहते आणि पेन्शनचा अर्ज, म्हणजे फॉर्म १०-डी, परत येतो.

दुसरं, पेन्शन ५८ लाच घ्यायची सक्ती नाही. ६० पर्यंत पुढे ढकलली तर दर वर्षामागे ४ टक्के वाढते. उलट पन्नाशीनंतर लवकर घेतली तर जितकी वर्षं आधी, तितके ४-४ टक्के कमी. वडिलांचा पगार चालू राहणार असेल तर ढकलण्याचा विचार करा, नसेल तर ५८ ला सुरू करा. आणि हयातीचा दाखला नोव्हेंबरातच द्यायचा असं ईपीएसला नाही, ज्या दिवशी द्याल तिथून बारा महिने चालतो.